तुरुंगातली कानतपासणी

माझं काम लोकांना बारीक आवाज ऐकवण्याचं आहे. वाशीमच्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा विभागाला लागून एक लहान खोली आहे. तिच्या भिंतींना आतून करडा स्पंज लावलेला आहे, दार जाड आहे आणि एका बाजूला काच आहे. माणसाला आत खुर्चीवर बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि काचेच्या या बाजूला बसून एकेक स्वर सोडायचा. आवाज आला की त्याने बटण दाबायचं. आधी मोठा आवाज, मग लहान, मग इतका लहान की तो खरंच आला की आपल्याला नुसतं वाटलं, हे ऐकणाऱ्यालाही सांगता येऊ नये.

या कामात मला सगळ्यांत जास्त आवडतात ते चेहरे. बारीक आवाज शोधणाऱ्या माणसाचा चेहरा झोपेतल्या माणसासारखा होतो. रिसोडच्या बाजारात दिवसभर बोली लावणारा व्यापारी असो की सुनेशी भांडत भांडत आलेली म्हातारी, हेडफोन चढला की भुवया सैल पडतात, ओठ थोडे उघडतात, नजर लांब कुठेतरी जाऊन बसते. मी स्वर सोडायचे थांबले तरी काही जण तसेच बसून राहतात, आणि मलाही दार उघडून त्यांना उठवावंसं वाटत नाही.

तुरुंगात मी कामाचा भाग म्हणूनच गेले. आमच्याकडून दर महिन्याला काही जण तिथे तपासणीला जात. एक डॉक्टर, एक नर्स, कधी डोळ्यांचं बघणारे, कधी दातांचं. एकदा डॉक्टर मला म्हणाले, "या वेळी तुम्हीपण चला. तिथे एक जण आहे, त्याच्या कानांची मला शंका येते." डॉक्टर तरुण होते, नुकतेच नोकरीला लागलेले. तुरुंगातल्या माणसांना ते कधी कैदी म्हणत नसत. 'आपला तो दम्याचा पेशंट', 'आपला तो शुगरवाला' असं म्हणत.

तुरुंगाच्या दारात मोबाइल जमा करावा लागतो. घड्याळ मी वापरत नाही, त्यामुळे आत गेल्यावर वेळ कळेनासा होतो. मोठ्या दारातलं लहान दार उघडतं, वाकून आत शिरायचं, ते मागे बंद होतं, मग पुढचं उघडतं. दोन दारांच्या मधल्या जागेत जरा अंधार असतो आणि दगडाचा गारवा असतो. त्यानंतर एकदम ऊन, एक कडुनिंब आणि स्वच्छ झाडलेलं अंगण. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला कामरगावची, माझ्या माहेरची शाळा आठवली. तशाच लांब खोल्या, तशाच खिडक्यांच्या जाळ्या, आणि आतून येणारा एकसुरी गलबला. कुणी काय बोलतंय ते कळत नाही, पण पुष्कळ माणसं एका छपराखाली आहेत एवढं कळतं.

कडुनिंबाजवळच्या एका खोलीत तिथला दवाखाना होता. एक टेबल, एक खाट, वजनाचा काटा, औषधांचं कपाट. निवृत्तीला आलेले एक हवालदार त्याला घेऊन आले.

पन्नाशीचा असेल. उंच, हाडांनी मजबूत. डोक्याचे केस पांढरे झालेले, मिशी मात्र काळी आणि भरघोस. दारातच तो थांबला आणि आम्हां सगळ्यांकडे पाहून हसला. लग्नाच्या मांडवात बऱ्याच दिवसांनी पाहुणे भेटावेत आणि माणसाने हसावं, तसं.

"हा असाच हासते म्याडम," हवालदार म्हणाले. "गिनतीच्या टायमाले नाव पुकारलं तर जागचा हालत नाई. काई विचारलं तर भलतंच सांगते. बराकीतली पोरं म्हनतात नाटक करते. कोनी म्हनते डोक्यावर परिनाम झाला."

मी जवळ गेले. "वय काय तुमचं?"

"हो," तो म्हणाला, "जेवन झालं."

त्याचा आवाज त्या खोलीला फार मोठा होता. बाहेर पायरीवर आपल्या पाळीची वाट पाहत बसलेले दोघे-तिघे हसले. मी त्याच्या पाठीमागे गेले आणि स्टीलचा ट्रे फरशीवर टाकला. नर्स दचकली, पायरीवरचे लोक वळले. तो खिडकीतून कडुनिंबाकडे पाहत राहिला.

शेवटी मी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं, हाताचा आडोसा केला आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्याने बोलले. तेव्हा थोडं थोडं त्याच्यापर्यंत पोचायला लागलं. तो रिसोडकडच्या एका खेड्यातला. थोडी कोरडवाहू शेती, आणि हंगामात हडंबा चालवायचा, म्हणजे सोयाबीन काढायचं ते मोठं, ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र. कित्येक हंगाम त्याच्या तोंडाशी उभा राहून काढलेले. कान हळूहळू जात होते, पण घरात सगळेच मोठ्याने बोलत, त्यामुळे ते कुणाला जाणवलं नव्हतं. इथे आल्यावर एक दिवस आंघोळीचं पाणी कानांत गेलं.

"तवापासून कापूस कोंबल्यावानी झालं," तो म्हणाला.

मी कान तपासायच्या दुर्बिणीतून पाहिलं. दोन्ही कान काळ्या मळाने गच्च भरले होते. पाण्याने तो मळ फुगून बसला होता.

"कुणाला सांगितलं का नाही?"

हा प्रश्न मला तीनदा विचारावा लागला. "कोनाले सांगू ताई? समोरचा काय बोलून राह्यला तेच समजे ना. मंग मी हासून देत होतो. हासलं की मानूस निंघून जाते."

डॉक्टरांनी कानात टाकायचं औषध दिलं. पुढच्या खेपेला आमचे कानाचे मोठे डॉक्टर स्वतः आले. कोमट पाण्याची पिचकारी मारून त्यांनी मळ काढला. काळ्या, ओल्या गुठळ्या ट्रेमध्ये पडल्या, आणि मागोमाग पाण्याची धार पडली तेव्हा त्याने चमकून ट्रेकडे पाहिलं. "पानी वाजलं," तो म्हणाला. पण तेवढंच. मळ निघाला तरी यंत्राच्या आवाजाने गेलेलं आत गेलेलंच होतं. नेमकं किती गेलं आहे ते मोजल्याशिवाय श्रवणयंत्र बसवता येत नाही, आणि ते मोजायला त्याला माझ्या स्पंजच्या खोलीत आणायला हवं होतं. त्यासाठी पोलिसांचा गार्ड लागतो. त्या दिवसांत पोलीस सारखे कुठल्या ना कुठल्या बंदोबस्तावर असत. ठरायचं आणि पुढे जायचं. शेवटी मी म्हटलं, लहान मशीन पिशवीत घालून मीच जाते.

गेले खरी, पण तिथे गेल्यावर लक्षात आलं की हे काम होणारं नाही. पाण्याची मोटार चालू होती. एका बराकीत टीव्ही लागला होता. स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली घासली जात होती. अशा आवाजात माझे बारीक स्वर मलाच ऐकू येत नव्हते, त्याला काय येणार? मी मशीन बंद केलं आणि हवालदारांना सांगितलं की इथे शांतता मिळाली असती तर जमलं असतं.

"किती येळ लागंल?"

"दोन्ही कानांचे मिळून पंधरा-वीस मिनिटं."

ते गेले. जेलर साहेबांना विचारून आले असावेत, कारण नंतर अंगणाच्या मधोमध उभे राहून त्यांनी हाक दिली. "ऐका रे! त्या हासऱ्याचे कान तपासाचे हायेत. म्याडमले आवाज चालत नाई. जरा येळ चूप राहा."

मला वाटलं, आता शिट्ट्या ऐकू येतील. कुणीतरी मुद्दाम थाळी वाजवेल. इतक्या माणसांत एखादा तरी असतोच.

आधी मोटार थांबली. मोटार थांबल्यावर टीव्ही फार मोठा वाटायला लागला, मग तोही बंद झाला. स्वयंपाकघरात एक पातेलं ठेवल्याचा आवाज झाला, हलकेच, झोपलेल्या माणसाशेजारी ठेवतात तसं. मग बोलणं विरत गेलं. एका बराकीतलं आधी, मग दुसरीतलं. कुणाला खोकला आला, त्याने तो अर्ध्यात गिळला. आणि नंतर काहीच नाही.

ती शांतता मला अजून नीट सांगता येत नाही. माझ्या स्पंजच्या खोलीतली शांतता मेलेली असते, तिथे आपल्याच कानातलं रक्त ऐकू येतं. ही तशी नव्हती. छपरावर कबुतरांचे पाय ऐकू येत होते. झेंड्याच्या खांबाला दोरी लागत होती, टक, टक. कडुनिंबाची वाळकी काडी पडली ती ऐकू आली. भिंतीपलीकडे लांब रस्त्यावर एसटीने गिअर बदलला. बायकांच्या बाजूला कुणाचं तरी लहान मूल होतं, आईजवळ राहणारं. ते गुणगुणत होतं आणि त्याला कुणी थांबवत नव्हतं. थोड्या वेळाने ते आपणच थांबलं. ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं आणि सगळी माणसं कुठेतरी निघून गेली आहेत, या भिंतींच्या आत आम्ही दोघंच उरलो आहोत असं मला वाटायला लागलं.

मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवला. खुणेने समजावलं, आवाज आला की दाब. तो खाटेच्या कडेला ताठ बसला, बटण दोन्ही हातांत धरून.

पहिला स्वर सोडला. काही नाही. वाढवला. काही नाही. त्याने माझ्याकडे पाहून हसून बटण दाबलं, तेव्हा मी काहीच सोडलेलं नव्हतं. मी मान हलवली. त्याने पुन्हा हसून दाबलं. त्याला पास व्हायचं होतं. मी त्याचे डोळे माझ्या हाताने मिटवले, तसे पेशंटचे मी कधी मिटवत नाही, आणि जाड, खालच्या पट्टीतला स्वर वाढवत वाढवत नेला. मग तो चेहरा आला. भुवया सुटल्या. हसू पुसलं गेलं, आणि त्याच्या खाली थकलेल्या माणसाचा एक साधा चेहरा होता. त्याने बटण दाबलं. मी कमी केलं. त्याने वाट पाहिली, मान किंचित डावीकडे झुकवली, आणि दाबलं.

जाड आवाज त्याला बऱ्यापैकी येत होते. वरच्या पट्टीतले, म्हणजे चिमण्या, भांडी, बायकांची आणि पोरांची बोलणी, त्यातलं फारसं काही उरलं नव्हतं.

काम संपल्यावर मी हवालदारांना हात केला. तेही दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटून उभे होते. मग ते अंगणात गेले आणि एकदम मोटार सुरू झाली. कुणीतरी बराकीतून विचारलं, "येते का त्याले ऐकू?" दुसरा कुणी म्हणाला, "येईन, येईन."

त्या दिवशी मी त्याच्या उजव्या कानाचा साचा घेतला. गुलाबी, मऊ लगदा कानात भरायचा, तो आत घट्ट होतो, मग हळूच काढायचा. त्यावरून श्रवणयंत्राचा कानात बसणारा भाग तयार होतो. तो अकोल्याला बनवून घ्यावा लागतो. उशीर झाला होता म्हणून मी दवाखान्यात न जाता सरळ मंगरूळपीरची एसटी पकडली. मी तिथे राहते. खिडकीपाशी जागा मिळाली. बाहेर पिवळं पडायला लागलेलं सोयाबीन, मधे मधे तुरीच्या हिरव्या ओळी, सगळं संध्याकाळच्या उन्हात बुडालेलं. मांडीवरच्या पिशवीत डबीमध्ये तो कान होता. तो माणूस आत होता आणि त्याच्या कानाचा आकार माझ्याबरोबर गाडीत बसून चालला होता. मला डुलकी लागली. झोपेत मी एका मोठ्या अंगणातून चालत होते आणि ज्या दारातून डोकवावं तिथे माणसं तोंडावर बोट ठेवून बसलेली होती, घाबरलेली नव्हती, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी. कंडक्टरने हाक मारून उठवलं तेव्हा मी डबी दोन्ही हातांनी धरून बसले होते.

यंत्र हाती यायला काही आठवडे गेले. ते घेऊन मी गेले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारवा होता. जेलर साहेबांच्या ऑफिसात आम्ही बसलो, कारण दवाखान्यात त्या दिवशी ताप-खोकल्याची गर्दी होती. मी यंत्र त्याच्या कानामागे बसवलं, नळी सरळ केली आणि चालू करून आवाज हळूहळू वाढवला.

त्याने डोकं मागे घेतलं. डोळे मोठे झाले. छताकडे पाहिलं, पंख्याकडे, मग खिडकीकडे.

"ऐकू येतं का?" मी नेहमीच्या आवाजात विचारलं.

"येते," तो म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजाने दचकला. "हे मीच बोलून राह्यलो का? एवढ्यानं?" मग अगदी हळू, "एवढ्यानं बोलत होतो मी?"

जेलर साहेब हसले. हवालदार हसले. तोही हसला, पण ते आधीचं मांडवातलं हसू नव्हतं. तो खुर्चीच्या हातावर नख घासून पाहत होता. आपल्याच सदऱ्याची बाही कानाजवळ नेऊन चोळत होता. टेबलावरच्या कागदाला बोट लावत होता.

मग त्याने विचारलं, "साहेब, घरी फोन करू का?"

तिथे ठरलेल्या नंबरवर घरच्यांशी बोलता येतं. त्याने तो फोन कधी वापरला नव्हता, वापरून उपयोग नव्हता. त्याची बायको पोळ्याच्या आधी एकदा मुलाखतीला, म्हणजे भेटीला, आली होती, त्यानंतर ती आलीच नव्हती. त्याचं कारण त्याला माहीत नव्हतं. शेतीच्या कामात असेल, असं तो धरून चालला होता.

हवालदारांनी नंबर लावला. त्याने रिसीव्हर कानाला लावताच यंत्र जोराने शिटी वाजवायला लागलं. रिसीव्हर फार जवळ आला की तसं होतं. म्हणून साहेबांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. त्यामुळे पुढचं सगळं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ऐकायला नको होतं असं मला तेव्हाही वाटलं, पण यंत्राचा आवाज अजून जुळवायचा होता आणि उठून जाता येत नव्हतं.

"कोन?" बाईचा आवाज आला.

"मी बोलून राह्यलो."

पलीकडे बकरी ओरडली.

"तुमी? एवढ्या दिवसानं फोन?"

"मशीन बसोली कानात. आता ऐकू येते. काय वं, आली नाईस तू? बरं राहू दे. मायले दे फोन. तिले सांग, मले ऐकू येते आता."

पुन्हा बकरी ओरडली.

"दे न मायले," तो म्हणाला.

"अवो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "माय नाई न आता. सांगतलं होतं न तुमाले. पोयाच्या आंधी आलती मी, तेरवी झाल्यावर. त्याच्यासाठीच आलती. मी रडून राह्यली होती आन तुमी हासले. मान हालवून हालवून हासले. मंग काहून येऊ मी?"

तो फोनकडे पाहत होता. त्याच्या कपाळावर बारीक आठ्या होत्या, हिशेब लागत नसलेल्या माणसासारख्या.

"तू हात वर केला होता," तो म्हणाला.

"वर गेली म्हनूनच केला न."

"मले वाटलं, माय उठून बसली."

त्याच्या आईचा खुबा मोडला होता. तो तुरुंगात आला तेव्हा ती खाटेला खिळलेली होती. मुलाखतीच्या खोलीत दोन्हीकडून माणसं एकाच वेळी बोलत असतात. मधे जाळी, जाळीपलीकडे बायकोचा पदराने अर्धा झाकलेला चेहरा, आणि तिने हात वर केला. म्हातारी उठून बसायला लागली, असं त्याने समजून घेतलं. आणि तो आनंदाने हसला होता.

त्याने कानामागून यंत्र काढलं आणि तळहातावर ठेवलं. फोनमधून ती म्हणत होती, "हालो? ऐकून राह्यले का? हालो?" हवालदार फरशीकडे पाहत होते. माझ्या समोर तो बसला होता, हात मांडीवर, हातात ते दाण्याएवढं यंत्र, आणि त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. मला वाटलं, आता हा ते परत देईल. दिलं असतं तर मी घेतलंही असतं.

खिडकीतून धुतलेल्या चादरींचा वास येत होता. पलीकडे ती हॅलो म्हणायची थांबली होती, पण फोन तिने ठेवला नव्हता, तिचा श्वास ऐकू येत होता. त्याने यंत्र उचललं आणि कानात घालायला लागला. त्याला ते जमेना. मी पुढे होऊन नळी सरळ केली.

"फिरून सांग," तो म्हणाला. "पयलेपासून सांग. सकाळी उठली का ती?"

"उठली," बायको म्हणाली. "मने, मले उनात बसवा. मंग मी आन शेजारच्या काकूनं धरून बाजीवर बसोलं आंगनात. मुगाच्या शेंगा आनल्या होत्या वावरातून. मने, दे इकडं, सोलतो मी."

"सोलल्या?"

"सोलल्या न. निम्म्या सोलल्या. चहा मागतला. मी चहा ठेवाले गेली आन आली, त मान कलंडली होती. हातात शेंग होती."

"तरास?"

"काई नाई. काकू समोरच होती. तिलेबी समजलं नाई."

"मले इचारलं का तिनं?"

"रोज इचारे. कवा येते, कवा येते."

"त्या दिशी?"

तिने जरा विचार केला. "त्या दिशी नाई इचारलं. त्या दिशी बैलाले पानी पाजलं का, ते इचारत होती."

त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की काय होतं, मला कळलं नाही. त्यानंतर तो रडला. यंत्र कानात असल्यामुळे त्याला स्वतःचं रडणं ऐकू येत होतं आणि त्याने ते बारीक करायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. बायको पलीकडे रडत होती. फोनची ठरलेली वेळ केव्हाच संपली असणार. जेलर साहेब खिडकीशी जाऊन बाहेर पाहत उभे राहिले.

पुढच्या महिन्यात मी गेले तेव्हा पायरीवर एक माणूस बसला होता. गुळगुळीत डोकं, गुळगुळीत ओठ. त्याने "ताई, नमस्कार," म्हटलं तरी मी ओळखलं नाही. कानामागचं यंत्र दिसलं तेव्हा कळलं. आईचं मुंडण राहिलं होतं म्हणून त्याने ते केलं होतं. तिथलाच एक बंदी, न्हाव्याचं काम करणारा, त्याने वस्तरा फिरवला. मिशी गेल्यामुळे तो त्याच्या वयापेक्षा लहान दिसत होता, आणि ओठावरची कातडी उन्हाने न रापलेली, फिकी होती.

"बराकीतल्या साऱ्यायनं त्या दिशी गोड खाल्लं नाई," हवालदारांनी मला सांगितलं. "कोनी सांगतलं नोतं. आपल्या मनानंच." बायको मुलाखतीला येऊन गेली, तेही त्यांनीच सांगितलं. ती सवयीने जाळीशी तोंड लावून ओरडत होती, आणि हा म्हणाला, वरडू नको, हळू बोल, समजते मले. मग दोघंही गप्प बसले. हवालदार म्हणाले, मुलाखतीच्या खोलीत गप्प बसून राहिलेले ते दोघंच होते.

त्याने काय केलं होतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावकीत मारामारी झाली आणि समोरच्याचं डोकं फुटलं, एवढं कानावर आलं होतं. उन्हाळ्यात त्याला जामीन मिळाला. जेलर साहेबांनी बोलता बोलता सांगितलं, तेव्हा मला बरं वाटलं आणि थोडं चुकल्यासारखंही झालं.

मग एका पावसाळ्यात, ओपीडीची गर्दी सरल्यावर, दोघं माझ्या दारात उभी राहिली. मिशी परत आली होती, या वेळी निम्मी पांढरी. यंत्राचा कानात बसणारा भाग सैल झाला होता. मी तो पाहत असताना बायकोने माझ्या टेबलावर जुन्या वर्तमानपत्रात बांधलेल्या मुगाच्या शेंगा ठेवल्या. ती ठेंगणी, उन्हाने काळवंडलेली बाई होती. फोनवरच्या आवाजावरून मी तिला उंच समजत होते.

"हडंबा सोडला का?" मी त्याला विचारलं.

"सोडला. चालवतो म्हनलं त हे बाई कानाची मशीन लपवून ठेवते."

"ताई, याईचं काय सांगू तुमाले," ती म्हणाली. "आता सारंच ऐकून राह्यले. शेजारच्या घरात काय चाललं तेबी ऐकतात आन रातच्याले मले सांगतात. मी म्हनतो, आवाज कमी करून मांगा ताईले."

"नाई, कमी नोका करू," तो घाईने म्हणाला.

केसची पुढची तारीख महिन्याभराने होती. वकील काय म्हणतो, ते त्याने मला सविस्तर सांगितलं. मधे मधे ती त्याला दुरुस्त करत होती. नवा साचा घेतला, लगदा कानात घट्ट होईपर्यंत दोघं बाकावर बसून राहिली. बाहेर पाऊस उघडला होता आणि दवाखान्याच्या आवारात पाण्याची डबकी साचली होती. रिसोडची गाडी किती वाजता आहे यावरून त्यांचं सुरू झालं. तो म्हणाला, चारची. ती म्हणाली, चारची बंद झाली, आता साडेचारला. तो म्हणाला, सकाळी कंडक्टर दुसऱ्याशी बोलत होता, मी ऐकलं. ती म्हणाली, तुमी नेहमी अर्धंच ऐकता. मग दोघंही उठली आणि डबकी चुकवत स्टँडकडे गेली.